कर्णिकबाईंचा मामलेदार

गुरुवारी सकाळी कर्णिकबाई सायकलच्या दुकानावरचा अरुंद जिना चढून आल्या, तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि हातात कुत्र्याचा पट्टा. खुर्चीत टेकायच्या आधीच त्या म्हणाल्या,

"हर्षला, माझा कुत्रा हरवलाय. शोधून दे."

गजा भोईरने पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. तिथे कुत्रा होता. बुटका, चपट्या नाकाचा, काळ्या तोंडावर पांढुरकी झाक आलेला, शेपटीचं वेटोळं पाठीवर घेतलेला. कपाळावर इतक्या वळ्या, की तालुक्यातल्या सगळ्या चिंता यालाच वाटून दिल्यात असं वाटावं. एकेकाळी मोबाइलच्या जाहिरातीतून घराघरांत पोहोचलेली ती पग नावाची जात.

"बाई, मंग ह्यो कोन?" गजाने विचारलं.

"तेच तर शोधायचंय," बाई म्हणाल्या.

गजाला हसू येत होतं, पण हर्षला दिघेच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, म्हणून त्यानेही ते गिळलं. हर्षला वीस वर्षं ठाण्यात विमा कंपन्यांसाठी खोटे दावे हुडकून काढत होती. आईच्या आजारपणात ती कर्जतला परत आली, आई गेल्यावर इथेच राहिली आणि खाजगी तपासाची पाटी लावून बसली. गजा तिचा ड्रायव्हर आणि उरलेल्या वेळात मदतनीस. कडावचा माणूस, तीस वर्षं टेंपो चालवलेला. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेली आणि मुलगा कामानिमित्त सुरतेला. घरी जाऊन करायचं काय हा प्रश्न रोज संध्याकाळी त्याच्यासमोर उभा राहायचा, म्हणून तो ऑफिसात जरा जास्तच वेळ रेंगाळायचा.

कर्णिकबाई म्हणजे कर्जतच्या दोन पिढ्यांना इतिहास शिकवलेल्या बाई. हर्षलाही त्यांच्याच हाताखालून गेलेली. वय शहात्तर, आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा. त्यांनी हकीकत सांगितली तीही धडा शिकवावा तशी.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. मुलगा यज्ञेश त्यांना पुण्याला घेऊन गेला आणि दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं आठवड्याच्या अंतराने करून घेतली. एकूण अठरा दिवस गेले. डोळ्यांजवळ कुत्र्याचे केस नकोत म्हणून मामलेदाराला, म्हणजे कुत्र्याला, खालापूरला हरेशच्या कुत्र्यांच्या वसतिगृहात ठेवलं. पंधरा दिवसांपूर्वी बाई दहिवलीला आपल्या घरी परतल्या आणि हरेशने कुत्रा आणून सोडला.

"पहिल्याच रात्री मला कळलं, हा तो नाही. हा घोरत नाही. आमचा मामलेदार असा घोरायचा, की शेजारच्यांना वाटायचं, कर्णिकसर अजून आहेत." बाईंनी पट्टा हाताला गुंडाळला. "हे पस्तीस वर्षं घोरले. ते गेल्यावर मामलेदार. रात्री माझ्या घरात आवाज असायचा, हर्षला. आता नाही."

आवाजाशिवायही पुरावे होते. मामलेदार गुळाच्या रंगाचा, हा पिठासारखा फिका. मामलेदाराचं तोंड काळंभोर, याचं पांढुरकं. मामलेदार पुलापर्यंत जाऊन धापा टाकत बसायचा, हा पूल ओलांडून परत येतो. आणि याच्या पुढच्या पायावर दोन बोटं रुंदीची जागा आहे, तिथले केस आखूड आहेत. तशी खूण मामलेदाराला नव्हती.

"यज्ञेश काय म्हणतो?"

"म्हणतो, कुत्रा तोच आहे. कामाला येते ती सुंदरा म्हणते तोच, हरेश म्हणतो तोच. एकटी मीच वेगळं म्हणते." बाईंनी चष्मा काढला. "रविवारी अकरा वाजता तो गाडी घेऊन येणार आहे. खालापूरच्या वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीय. त्याला वाटतं माझी बुद्धी जायला लागली. आणि खरं सांगू? मलाही वाटायला लागलंय."

गजाला वाटलं आता त्या रडतील. त्या रडल्या नाहीत.

"हा तोच कुत्रा असेल तर माझं डोकं गेलं असं समजेन आणि बॅग स्वतः भरेन. तो नसेल तर मी घर सोडणार नाही. पण माझी खोटी समजूत काढू नकोस. तेवढं कबूल कर."

हर्षलाने कबूल केलं. कुत्रा तेवढ्यात गजाच्या पायाशी आला, त्याच्या तळव्याला नाक लावून दोन मोठे श्वास घेतले आणि त्याच्या चपलेवर बसला.

"मानसाचा लय लळा हाय त्याला," गजा दिलासा द्यायला गेला. "तुमच्या मागंमागं फिरत असंल की."

"पग कोणाच्याही मागे फिरतो, गजानन. त्यात पुरावा नाही."

*

दहिवलीचं घर जुनं, कौलारू, वर माळा, पुढे तीन पायऱ्या. सुंदरा ओटीवर वाल सोलत बसली होती. बारा वर्षं ती बाईंकडे कामाला येत होती आणि गजाच्याच गावची असल्याने बोलायला मागेपुढे पाहत नव्हती.

आत बाईंनी चहा टाकला आणि बोलता बोलता भिंतीकडे बोट दाखवून सुंदराला विचारलं, की मी नसताना रंग कोणी मारून घेतला. सुंदराने गजाकडे असं पाहिलं, की बघ, हे असं चाललंय. रंग कोणी मारला नव्हता. पडद्यांना नीळ कोणी जास्त घातली, हेही बाईंनी चारदा विचारून झालं होतं.

मग बाईंनी कपाटातून फोटो काढले. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीचे, छापून आणलेले. ओटीवर कर्णिकसरांची आरामखुर्ची, तिच्यापुढे मामलेदार. गजाने फोटो पाहिला, कुत्रा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. त्याला दोन्ही सारखेच वाटले. रंगही तोच.

"गुळासारखा कुठं हाय, बाई? फोटोत पन फिकाच दिसतोय."

बाईंनी फोटो हातात घेतला. बराच वेळ पाहिला.

"फोटोसुद्धा बदललेत," त्या हळूच म्हणाल्या.

इथवर गजा मनातून बाईंच्या बाजूने होता. आता त्याला वाटलं, हर्षलाताईने हे काम घ्यायलाच नको होतं. छापलेला फोटो कोण कशाला बदलेल? त्याने हर्षलाकडे पाहिलं, तर ती भिंतीला नाक लावून भिंत पाहत होती. मग तिने फोटो उन्हात धरला आणि कुत्र्याच्या नाकावर बोट ठेवून विचारलं, हा फोटो मी दोन दिवस ठेवू का?

तिने विषय बदलायला पगांच्या जातीबद्दल विचारलं आणि बाई एकदम वर्गात शिरल्या. दोन हजार वर्षांपूर्वी चीनच्या राजवाड्यात या कुत्र्यांना नोकर असत. कपाळाच्या वळ्यांमध्ये राजा या अर्थाचं अक्षर उमटलं तर मान आणखी मोठा. पुढे डच जहाजांतून ते युरोपात गेले. तिथल्या एका राजपुत्राला म्हणे छावणीत शत्रू शिरल्याबरोबर पगनेच जागं केलं. खरं-खोटं कोणाला ठाऊक, असं बाईंनी प्रामाणिकपणे जोडलं.

"पण एक गोष्ट खरी. बाकी कुत्री शिकारीला, राखणीला, मेंढरांमागे. याला कधीच काम नव्हतं. माणसाला एकटं वाटू नये, एवढ्याचसाठी हा घडवला. माणसाला आपल्यासारखं तोंड आवडतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या याचं नाक चपटं करत नेलं." त्या किंचित हसल्या. "आणि मग जाहिरात आली आणि मुंबईच्या लोकांनी ही कुत्री फार्महाऊसवर आणली. हौस फिटली की सोडून दिली. कोंडाण्याच्या रस्त्यावर असाच एक ह्यांना सापडला, पिशवीत घालून घेऊन आले. म्हणाले, जया, चेहरा बघ, अर्ज नामंजूर करायच्या बेतात आहे. नाव मामलेदार."

बाहेर येताना हर्षलाने सुंदराजवळ बैठक मारली आणि तिच्याबरोबर वाल सोलायला लागली. तिची ही जुनी रीत. हात कामात असले की माणूस मोकळं बोलतो, असं तिचं म्हणणं.

सुंदरा बोलली. कुत्रा तोच, यात तिला शंका नव्हती. "पन बाई त्याला खोलीत घेत नाय. नऊ वर्सं खाटंखाली निजलेला जीव, आता दाराभायेर पडतो. येवढा निवांत निजतो की मी दोनदा हात लावून बगितला, हाय का गेला."

"आधी असा निवांत झोपायचा नाही?"

"छ्या. उठून बसायचा, मान वर करायचा, परत आडवा. दोन वर्सांपूर्वी डाक्टर बोलला व्हता, याला धाप लय हाय. बाईंनी डाक्टरच बदलला."

"आणि आल्यापासून काही नवीन खोड?"

सुंदराने विचार केला. नवीन अशी काही नव्हती. जुनीच एक होती, आणि तिचाच सुंदराला वैताग. रोज सकाळी दहाला बाई आंघोळीला गेल्या की हा जिन्याखालच्या कपाटाचं दार ओरबाडत बसायचा. पूर्वी ती दार उघडून द्यायची. आता बाईंनी त्याला आत फिरकू द्यायचा नाही असं बजावल्यामुळे ती त्याला हुसकायची.

"कपाटात काय आहे?"

"सरांच्या चपला. बाईंना ठाव नाय मी ठेवल्यात त्या. त्यांनी द्यून टाकायला सांगितल्या व्हत्या."

हर्षलाने उरलेली शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले आणि उठली.

*

शुक्रवारी ते पळसदरीमार्गे खालापूरला गेले. कापणी झालेल्या खाचरांत वाल उभा होता आणि मधूनमधून फार्महाऊसची कुलूप लावलेली फाटकं. हरेशचं वसतिगृह अशाच एका फाटकामागे होतं. जाळीच्या दहा खोल्या, प्रत्येकीत पंखा. हरेश तिशीचा, बडबड्या, कुत्र्यांत रमलेला. मामलेदाराचं नाव काढताच तो जरा जास्तच हसला.

त्याने सगळं भरभरून सांगितलं. दहिवलीहून कुत्रा त्याच्याच टेंपोने आणला, त्याच्याच टेंपोने सोडला. अठरा दिवस एकदम मजेत. रोज एक फोटो यज्ञेशदादांना पाठवायचा, आईंना दाखवायला. पायावरचे केस? जाळीला घासून गेले असतील.

"खायचा काय?" हर्षलाने विचारलं.

"शेवटी शेवटी सगळं खायचा. मधी आठवडाभर फक्त दहीभात. गार करून. लाड हो, दुसरं काय."

त्याने फोनवरचे फोटो दाखवले. गजाने मान वाकवून पाहिलं. पहिल्या दोन दिवसांत मामलेदार समोरून, जीभ बाहेर. पुढचे सहा-सात दिवस मामलेदार पाठमोरा. शेपटीचं वेटोळं आणि भिंत. मग पुन्हा समोरून.

"लाजला व्हता काय?" गजाने विचारलं. हरेश पुन्हा हसला.

एका खोलीत दुसरा एक पग होता, मुंबईच्या कोणाचा तरी. तो त्यांना पाहून आनंदाने नाचायला लागला आणि नाचता नाचता त्याचा श्वास भात्यासारखा वाजायला लागला. नाकाच्या जागी नुसत्या दोन चिरा, त्यातून जेमतेम सुई जाईल. गजाला त्याच्याकडे बघूनच गुदमरल्यासारखं झालं. बाजूच्या खिळ्यावर नरसाळ्यासारखा प्लास्टिकचा पट्टा लटकत होता. जखम चाटू नये म्हणून कुत्र्याच्या गळ्यात घालतात तसला, छोट्या मापाचा. हर्षलाने तो हातात घेऊन पाहिला आणि परत अडकवला.

परतताना चहासाठी थांबले तेव्हा तिने यज्ञेशला फोन लावला आणि गजाला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. यज्ञेशचा आवाज थकलेला होता. तो कळवळून बोलला. आई रात्री फोन उचलत नाही तेव्हा त्याला झोप लागत नाही. ती भिंतीच्या रंगाबद्दल विचारते, पडद्यांबद्दल विचारते. ती एकटी पडून राहिली आणि कोणाला कळलंच नाही तर?

"कुत्रा तोच आहे, हर्षला. मी देवाशपथ सांगतो."

"मग गप्प का झाला असेल?"

"पनवेलपर्यंतची धावपळ, परकी जागा. दमला असेल बिचारा. आई उगाच अर्थ काढते."

फोन ठेवल्यावर गजाने मान हलवली. "पोरगा खोटं नाय बोलत, ताई."

"नाही. कुत्र्याबद्दल तर अजिबात नाही." तिने चहा संपवला. मग एकदम तिने विचारलं, "काका, तुम्हाला रात्री झोप लागते?"

गजा गडबडला. खरं सांगावं की नाही याचा त्याने थोडा विचार केला. "टीवी चालू ठेवतो. बगत नाय. पन चालू असला की वाटतं, घरात कोनतरी हाय. बंद केला की मलाच माजा श्वास ऐकू येतो."

हर्षलाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. असं ती कधी करत नसे.

*

रविवारी अकराला दहिवलीच्या ओटीवर सगळे जमले. यज्ञेश गाडी फाटकाशी लावून आला होता. सुंदरा चौकटीला टेकून उभी. हरेशला हर्षलाने बोलावून घेतलं होतं आणि आज तो हसत नव्हता. बाई सरांच्या आरामखुर्चीत बसल्या होत्या. कुत्रा त्यांच्यापासून हातभर अंतरावर, जितकं चालेल तितकं जवळ.

"बाई, तुम्ही खोटी समजूत नको म्हणालात," हर्षला म्हणाली. "हा कुत्रा तोच आहे. हा मामलेदार आहे."

बाईंनी मान डोलावली. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन त्या उठल्या. "बॅग भरलेलीच आहे," एवढंच म्हणाल्या.

गजाला हर्षलाचा राग आला. इतका राग त्याला तिचा कधीच आला नव्हता.

"बसा बाई. माझं अर्धंच सांगून झालंय. कुत्रा तोच आहे आणि तुमची बुद्धीही शाबूत आहे. तुम्ही सांगितलेली एकूणएक गोष्ट खरी आहे."

यज्ञेशने मान वर केली.

"आधी रंगाचं. गूळ आणि पीठ. तुम्हाला भिंत नव्याने रंगवलेली दिसली, पडद्यांना नीळ दिसली आणि शेवटी छापलेला जुना फोटोही फिका दिसला. तिथे सगळे घाबरले. मला मात्र तिथेच उलगडा झाला. कुत्रा बदलता येतो, भिंत रंगवता येते. पण कपाटातल्या फोटोचा, भिंतीचा, पडद्यांचा आणि कुत्र्याचा रंग एकाच वेळी बदलतो, तेव्हा त्या चौघांचं काहीच बदललेलं नसतं. बघणारा डोळा बदललेला असतो. पिकलेला मोतीबिंदू म्हणजे डोळ्यापुढे पिवळी काच. कितीतरी वर्षं तुम्ही त्या काचेतून बघत होता. पुण्याला ती काढली. मामलेदार पहिल्यापासून एवढाच फिका होता, बाई. आणि याचं तोंड म्हातारपणाने पांढरं झालेलं तुम्ही आता पहिल्यांदा बघताय."

बाई कुत्र्याकडे बघायला लागल्या.

"दुसरं, घोरणं. तेही तुमच्या कानांनी बरोबर टिपलं, हा खरंच घोरत नाही." हर्षलाने खिशातून फोटो काढला. "यात याच्या नाकाला दोन चिरा आहेत. हरेशकडच्या त्या दुसऱ्या पगला तशाच आहेत. आता याचं नाक बघा. वाटाणा जाईल एवढी उघडी भोकं आहेत. पहिल्याच दिवशी याने गजाकाकांच्या तळव्यावर दोन मोठे श्वास घेतले आणि आवाज आला नाही. चपट्या नाकाच्या कुत्र्याचं नाक रुंद करतात आणि घशातला जादा पडदा कापतात. त्यानंतर घोरणं थांबतं, धाप थांबते, कुत्रा पूल ओलांडून जातो. पुढच्या पायावरचे केस सलाइन लावायला भादरलेले आहेत. आठवडाभर गार दहीभात, कारण घसा दुखत होता. फोटो पाठमोरे, कारण नाकाला टाके होते आणि गळ्यात तो प्लास्टिकचा पट्टा. खरं ना, हरेश?"

"पनवेलला नेलं व्हतं," हरेश पुटपुटला. "तिसऱ्या दिवशी. दोन राती तिथंच व्हता. मला सांगू नको बोलले व्हते."

"कोण ते?" बाईंनी विचारलं.

हर्षला म्हणाली, "असं ऑपरेशन घरच्या माणसाच्या सहीशिवाय होत नाही. सुंदरा इथे होती. तुमच्या डोळ्यांवर पट्टी होती. आणि परवा फोनवर एकजण म्हणाला, पनवेलपर्यंतच्या धावपळीने कुत्रा दमला असेल. दहिवलीहून खालापूरला जाताना पनवेल लागत नाही. गजाकाकांनी तीस वर्षं टेंपो चालवलाय, त्यांना विचारा."

गजाने कपाळावर हात मारून घेतला. त्याच्याच कानावरून गेलं होतं ते.

यज्ञेश पायरीवर बसला होता. पन्नाशीचा माणूस, पण गृहपाठ न केलेल्या मुलासारखा खाली बघत होता. "आई, डॉक्टर म्हणाला होता, मामलेदार हा उन्हाळा काढणार नाही. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. दोन वर्षांपूर्वी म्हणालीच होतीस. वाटलं, परस्पर करून टाकू. तुला कळणारही नाही."

"मला कळलं," बाई म्हणाल्या.

"हो. पहिल्या दिवशी सांगणारच होतो. तेवढ्यात तू भिंतीचा रंग विचारलास आणि मी खरंच घाबरलो. मग वाटलं, तू आश्रमात असलीस तर रात्री कोणीतरी बघायला असेल. कुत्र्याचं सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

"पंधरा दिवस मी आरशात बघून स्वतःला तारीख विचारत होते, यज्ञेश. आणि तुला माहीत होतं."

बाईंचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच गजाला तिथे उभं राहणं अवघड झालं.

हर्षलाने घसा साफ केला. "बाई, उरलेलंही सांगते, कारण कबूल केलंय. यज्ञेश चुकला ते गप्प राहून. ऑपरेशन करून नाही. ज्या आवाजावर तुम्हाला झोप लागायची, ती याची धाप होती. श्वासासाठी हा रात्रभर उठून मान वर करायचा. तुम्हाला सोबत व्हायची, याला झोप व्हायची नाही."

आत घड्याळात सव्वाअकरा वाजून गेले होते.

"हाच मामलेदार, याला पुरावा काय?" बाईंनी शेवटी विचारलं. जुन्या शिक्षिकेला साधन दाखवल्याशिवाय इतिहास पटत नाही.

हर्षलाने सुंदराला खूण केली. सुंदराने आत जाऊन जिन्याखालचं कपाट उघडलं. कुत्रा तोवर उठून तिच्या मागे धावला होता. त्याने कपाटात डोकं घातलं, धूळ बसलेल्या कोल्हापुरी चपलेचा अंगठा तोंडात धरला, ती ओढत ओटीवर आणली, आरामखुर्चीच्या पायाशी सरांचा पाय जिथे असायचा तिथे ठेवली आणि तिच्यावर हनुवटी टेकून आडवा झाला. दुसऱ्या कुठल्या कुत्र्याला ही जागा माहीत असण्याचं कारण नव्हतं.

बाई खुर्चीतून खाली जमिनीवर बसल्या. शहात्तराव्या वर्षी तसं बसायला वेळ लागतो. त्यांनी त्याच्या पांढुरक्या तोंडावरून, कपाळाच्या वळ्यांवरून, नव्या नाकावरून बोट फिरवलं.

"पंधरा दिवस दाराबाहेर ठेवला रे तुला," त्या म्हणाल्या आणि मग रडल्या.

*

आश्रमाचा अर्ज यज्ञेशने फाडायला घेतला तेव्हा बाईंनी तो त्याच्या हातून काढून घेतला. कुठे राहायचं ते मी ठरवीन, तू विचारत जा, एवढंच सांगितलं आणि कागद सरांच्या टेबलाच्या खणात ठेवला. मग म्हणाल्या, जेवून जा. यज्ञेशने विचारलं, आज राहू का? बाईंचा राग गेला नव्हता, हे गजालाही दिसत होतं. तरी त्या राहा म्हणाल्या.

जेवणं झाली. वालाचं बिरडं गजाने तीनदा मागून घेतलं. हर्षला गाडीकडे गेली आणि गजा ओटीवर राहिलेली किल्ली घ्यायला मागे आला. खोलीचं दार उघडं होतं. बाई दुपारच्या झोपेला आडव्या झाल्या होत्या, डोळे मिटलेले. खाटेखाली मामलेदार पसरला होता. घरात कसलाही आवाज नव्हता.

बाईंचा हात खाटेवरून खाली आला, चाचपडत त्याच्या पाठीपर्यंत पोहोचला आणि तिथेच राहिला. तो आहे हे कळायला आता रोज एवढं करावं लागणार होतं. गजाने किल्ली न वाजवता उचलली.